ने म्हणजे हो

पहिल्या दिवशी अकरा जण ताठ बसले,
जणू मी शिक्षणाधिकारी आणि आज तपासणी.
मी विचारलं, हाऊ आर यू?
अकराही तोंडांतून एकच वाक्य निघालं:
फाइन, थँक यू, अँड यू,
पाढे म्हणावेत तसं.
मला माझा लालबागचा सहावी ब आठवला.
तोच सूर, तीच घाई,
शेवटच्या यूवर सुटल्याचा तोच सुस्कारा.

माटुंग्याची शाळा, तिसरा मजला, जानेवारी.
खाली गजरेवाले, वर फळ्यावर माझं नाव,
हेमांगी टिपणीस.
ते म्हणाले, टिपनीसू.
उकारासकट ठेवून घेतलं.

मी विचारायची, समजलं?
ते म्हणायचे, ने.
त्यांच्यात ने म्हणजे हो.
माझ्या कानाला दर वेळी
कुणीतरी म्हणतंय, ने, घेऊन जा,
आणि मी काय न्यायचं ते शोधत राहायची
डस्टरपाशी, टेबलाखाली.

मधल्या सुट्टीत प्यो बाई जवळ आल्या, हळूच:
टीचर, कॉपी?
एकतीस वर्षं मी कॉपी पकडली,
बाहीतून, कंपासपेटीतून,
एकदा तर डब्यातल्या पोळीच्या घडीतून.
हात आपोआप पुढे गेला, दाखवा.
त्यांनी रिकामा कप दाखवला.
मग काय, सगळा वर्ग घेऊन निघाले
कोपऱ्यावरच्या हॉटेलात, कॉपी प्यायला.
पितळी वाटीतून पेल्यात ओतताना पोळलं कुणाला तरी
आणि न विचारता पहिल्यांदा वाक्य आलं:
टीचर! माय माउथ इज फायर!
ऑन फायर, असं म्हणणार होते मी.
नाही म्हटलं.

फक्त नामगुंग सर गप्प.
सव्वीस वर्षं इंग्रजीच शिकवतात,
समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात.
व्याकरण असं पक्कं
की फळ्यावर माझा एक द राहिला
तर त्यांची पेन्सिल थबकायची.
बोलत मात्र नाहीत.
मला ठाऊक आहे ते गप्प बसणं.
कॉलेजात तीन वर्षं मी
मनातल्या मनात वाक्याला इस्त्री करत बसले,
कडक घडी पडेपर्यंत तास संपलेला.

संक्रांतीला डबा नेला. नियम सांगितला:
आज प्रत्येक चुकीला एक तिळगूळ,
बरोबर बोलेल त्याला काही नाही.
एकच गलका.
मी-रान बाईंनी सात लाडू कमावले
एका माशाच्या गोष्टीत,
त्यातले दोन उघड लबाडीचे.
मी फळ्यावर लिहिलं,
तिळगूळ घ्या, गोड बोला,
आणि खाली कसंबसं इंग्रजी.
नामगुंग सरांचा हात वर.
टीचर. स्वीट, ऑर करेक्ट?

पाच दिवसांतलं पहिलं वाक्य,
आणि त्यात क्रियापदच नव्हतं.
मी डबा पुढे केला.
ने, म्हणाले.
मराठीत म्हणाले, एकेरीत, वयाचा विचार न करता.
त्यांना वाटलं, हो.
एक लाडू उचलला, थोडं थांबून
दोन्ही हातांनी दुसरा.

मग बोलले. अडखळत, तीळ सांडत.
आमच्याकडे हाऊ आर यू नसतं,
भात खाल्लात का, असं विचारतात.
मी म्हटलं, आमच्याकडेही! जेवलात का?
जे-व-लात-का, अकरा जण,
प्रत्येकाचा त वेगळीकडे पडलेला.
त्या दुपारी इंग्रजी फारसं झालं नाही.
संस्थेला अहवालात लिहिलं, संभाषण सराव, दोन तास.

मार्चमध्ये एक फोटो आला.
शाळेचं टेबल, त्यावर तिळाच्या चौकोनी वड्या,
मागे मुलांची धूसर डोकी.
टुडे स्टुडंट्स मेक मेनी मिस्टेक.
आय ॲम फाइन. यू एट?

मिस्टेकला एस नाही.
आणि हा माणूस माझा एक द सोडत नव्हता.
मुद्दाम केलंय की काय, कळत नाही.
कसंही असो,
माझ्याकडे एक तिळगूळ त्यांचा बाकी.