मोजणी

साडेनऊच्या आत मुळ्या कापाव्या लागत.
नंतर पेशी आळसावतात, बाई म्हणत,
मग दिवसभर काचेखाली नुसती झोप दिसते.
मी सावद्याच्या मळ्यातून बसराईचे मुनवे आणायचो,
सायकलच्या कॅरिअरला बांधून, चिखल सांडत,
आणि प्राचार्य विचारायचे,
शिपाई आहेस की माळी?

डॉक्टर द्वारका फिरके.
फैजपूरच्या कॉलेजात त्यांना पगार शिकवण्याचा होता,
मोजण्याचा नव्हता.
दुपारी वीज गेली की टेबल खिडकीशी ओढत,
सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवत.
इथलं वैशाखातलं ऊन, सातपुडा पांढरा करणारं,
ते थेंबाएवढं करून घेत.

माझ्याकडे अंगठ्याचं काम.
मुळीचं टोक, लाल रंग, वर काचेची पापडी,
त्यावर टिपकागद, आणि अंगठा.
हलला की पेशी फाटली.
हलका पडला की सगळं एकावर एक.
"तुळशीराम, कळण्याची भाकरी करतोयस का?
दाब. थापू नकोस."
चार महिन्यांनी एकदा नीट दाबला गेला.
बाई बराच वेळ बोलल्याच नाहीत.
मग स्टुलावरून सरकल्या. बघ.

मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.
लाल दोऱ्याचे तुकडे,
शिंप्याच्या दुकानात जमिनीवर पडतात तसे.
मी मोजले, एकतीस.
त्यांनी मोजले, तेहतीस.
दोन दुसऱ्यांच्या खाली दडले होते.
"रानकेळीत बावीस. अकराच्या दोन रांगा, म्हणून तिच्यात बी.
हिच्यात रांगा तीन.
दोघं जोडीनं बसतात, तिसरा मध्ये शिरतो,
आख्खी पंगत विस्कटते.
बी धरत नाही. म्हणून तर आपण खातो."
त्या संध्याकाळी सावदा स्टेशनात दिल्लीच्या वॅगनी भरत होत्या,
न जुळलेल्या हिशोबानं, गच्च, गोड.

एकोणीस वर्षं. चौदा जातींची केळी.
परदेशातून एकदा पत्र आलं, श्रीमान फिरके यांस.
बाईंनी उत्तरात फक्त आकडे लिहिले.

आमचा सुपडू सहा वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता.
डोळे तिरके, जीभ ओठाबाहेर, हसणं मात्र घरभर.
गल्ली म्हणायची,
कौतिकनं ग्रहणात विळीवर मेथी चिरली.
सगळ्यांत जास्त कौतिकच म्हणायची.

बाईंनी रक्त काढवलं, थर्मासात बर्फ भरला,
भुसावळहून रात्रीची गाडी धरली.
नवव्या दिवशी थेट आमच्या ओट्यावर आल्या,
हातात कागद, स्वतः काढलेलं चित्र.
"कशाची मोजणी?" कौतिक घाबरली,
"आमच्या नावावर तर जमीनच नाही, बाई."

"माणसाला सेहेचाळीस. याला सत्तेचाळीस.
ही एकविसावी जागा. इथे दोनाऐवजी तीन.
तीस पेशी मोजल्या मी, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."
मग चष्मा काढला.
"ग्रहण कितव्या महिन्यात लागलं होतं?"
"पाचव्या."
"हा दोरा त्याआधीचा.
तुला दिवस जायच्याही आधीचा.
आणि एवढं बारीक सूत विळीला कापता येत नाही, कौतिक."

सुपडूनं तेवढ्यात कागद ओढला,
एक कोपरा तोंडात घातला.
बाई म्हणाल्या, असू दे, त्याचाच आहे.

त्या गेल्यावर कौतिकला काही विचारलं नाही मी.
आढ्याला सहा वर्षं खोचलेली विळी तिनं काढली,
ओट्याच्या दगडावर गंज घासत बसली,
दिवे लागले तरी.
भाजी कसली होती
आठवत नाही.