वीजबिलाच्या पाठीवर

डिसेंबरच्या वीजबिलाच्या पाठीवर
तेमूलेननं यादी मांडली.
वर तारीख, खाली रेघ, रेघेखाली आकडा:
पंचेचाळीस लाख तुग्रुग.
त्यातले बारा लाख त्याचे,
सुट्टीभर गॅरेजात टायर बदलून कमावलेले.
उरलेले माझे. म्हणजे, अजून व्हायचेत.

उलानबातरचं डांबर संपतं तिथून वर, टेकडीवर,
आमचं गेर. नमद्याच्या भिंती, गोल.
गोल घराला कोपरा नसतो
आणि कॉम्प्युटरला तर कोपराच लागतो,
हे यादीला बसेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

त्याला हवं तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड.
रात्री अकराला त्याची पलटण जमते:
एक दारखानचा, दोघे कोरियात कामाला गेलेले,
आणि एक कोण, ते कुणालाच ठाऊक नाही,
पण नेम चांगला आहे.
मला हवी मेमरी.
माझ्याकडे एक घोडी आहे, अर्धी, चार सेकंदांची.
ती मान वळवते,
आणि मागोमाग आयाळ वळायच्या आत
शाळेतला कॉम्प्युटर मान टाकतो.

चौसष्ट, मी लिहिलं.
बत्तीस, त्यानं खोडलं.
चौसष्ट.
जेवणं होईपर्यंत बोललो नाही.

दुकानातल्या गांझोरिगनं यादीवरून बोट फिरवलं,
केसपाशी थांबला, टेप काढली.
कार्ड तेहेतीस सेंटिमीटर, केस आतून तीस.
नाकापेक्षा मोती जड.
हसला नाही, एवढे त्याचे उपकार.
फक्त विचारलं,
'संध्याकाळी सहाला किती व्होल्ट येतात तुमच्याकडे?'

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

बाबा वीजकेंद्रात बॉयलरवर.
त्यांनी कामावरून मीटर आणला, उसना,
आणि सहा वाजता, टेकडीवरच्या घराघरांत
हीटर लागत असताना,
दोन टोकं प्लगात धरून आकडा वाचला,
कुणाचा ताप वाचावा तसा:
'दोनशे चार.
एकशे त्र्याण्णव.
एकशे एक्क्याऐंशी.'

मग त्यांनी पेन मागितलं.
यादीच्या तळाशी आम्ही ढकललेला पॉवर सप्लाय
सगळ्यात वर नेला,
शेजारी लिहिला स्टॅबिलायझर,
आणि तेवढ्यानं कार्ड दोन पंख्यांचं झालं.
'खाणार किती हा?'
'साडेचारशे वॉट. भरधाव असला तर.'
'म्हणजे छोटा हीटरच की.'
बाहेर उणे एकतीस.
तेमूलेन म्हणाला, 'मग मी रोज खेळीन. घरासाठी.'

आई काश्मिरीच्या गिरणीत, विंचरण खात्यात.
कार्ड, व्होल्ट, काही नाही,
तिनं एवढंच विचारलं की हवा कुठून आत घेतो.
'पुढून.'
'आणि आपला कोळशाचा धूर?'
दुसऱ्या दिवशी डब्यातून बारीक जाळी आणली,
केसच्या चित्रावर वीत ठेवून मापली.
धुळीचं मला सांगू नका, म्हणाली,
वीस वर्षं नाकात आहे ती.

जागेचा प्रश्न राहिला.
चुलीजवळ नको, दाराजवळ गारठा.
उरलं खोईमोर, दारासमोरचं, मानाचं,
जिथं पेटीवर सगळ्यांचे फोटो.
'पाहुणा आहे का तो, तिथं बसायला?' आई म्हणाली.
'पंचेचाळीस लाखांचा पाहुणा,' बाबा म्हणाले,
आणि एकेक फोटो उचलून
किती सरकतात ते पाहू लागले.
एक वीत सरकले.

मेमरी बत्तीसच ठरली. सोळाच्या दोन पट्ट्या,
दोन खाचा रिकाम्या.
मी काही बोलले नाही.
रात्री बिल उलटं करून बघितलं,
तर रिकाम्या खाचांसमोर पेन्सिलीनं,
पुसता येईल इतकं फिकट,
त्याच्या तिरप्या अक्षरात: घोडीच्या.

मी ते दोनदा वाचलं. मग वरपासून सगळी यादी
परत वाचली, बेरजेसाठी,
आणि त्याला हलवून उठवलं.
चार महिने झाले, तेमूलेन.
पडदा कुठाय?
आपण पडदाच लिहिलेला नाही.