वाढ

माझं काम हात मोजायचं.
परळच्या इस्पितळात, सर्जिकल आयसीयूच्या दाराशी
मी टिपत असते, बेसिनपाशी कोण थांबलं,
कोण पाण्याला नुसतं बोट दाखवून आत गेलं.
मोठे डॉक्टर मला बघून हात धुतात.
मी नसताना काय करतात, त्याला रकाना नाही.

सोमवारी खारदांड्याच्या चांगुणाबाई वैती आल्या.
नवरा सात नंबरला, पोटाची जखम अजून उघडी.
म्हटलं, कोपरापर्यंत धुवायचे. बांगड्या काढा.
लादी पुसणारी सुलभामावशी ताठ झाली :
"काढा नाही म्हणत, सिस्टर. वाढवा म्हणावं."

बाईंचा उजवा हात मोकळाच होता.
डाव्यात हिरवा चुडा, मांसात रुतलेला.
"उजवे हाताच्या दर्याला दिल्या, लगनान,
त्यानं धनी सांभाळावा म्हणून.
आता डावे हाताच्या तुझे मोरीला देऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, पोस्टर होतं.
सहा चित्रं, फेस, गुलाबी तळवे.
गेल्या आठवड्यातला तीन नंबर मी सांगितला नाही.
सांगायला हवा होता का, अजून ठरत नाही.
एवढंच म्हटलं, काकी, पाणी पोचत नाही ना,
जंतू तिथेच बसतो,
जाळ्याच्या गाठीत शेवाळ बसतं तसा.

त्या बराच वेळ मनगटाकडे बघत राहिल्या.
मग : "साबू दे."

एकेक बांगडी फेसातून आली. एकही पिचली नाही.
मावशीनं पदर पसरला,
मी पदर नको म्हणाले, स्टीलचा ट्रे दिला.
मनगटावर उरली एक गोरी पट्टी,
चाळीस वर्षं ऊन न पाहिलेली.
तीही त्यांनी घासली, खवलं काढावीत तशी.

आत म्हातारा जागा होता.
त्यानं बायकोचा मोकळा हात पाहिला,
मग मॉनिटरवरची हिरवी रेघ,
मग पुन्हा हात.
"मी हाय ना गो अजून?"
"हायस. गप पड."

आज त्याच्या जखमेचा रिपोर्ट आला.
लॅबवाले दोनच शब्द लिहितात : वाढ नाही.
मी ते मावशीला वाचून दाखवायला गेले
आणि मध्येच थांबले.

ट्रे माझ्या कपाटात आहे.
"ठेव," म्हणाल्या होत्या बाई, "तो घरी चालत येल, तवा नेईन."
अकरा आहेत.
ड्यूटीवर आले की आधी त्या मोजते,
मग हात.