डावं दार निळं

अकरा हजार. त्यातले चार भिशीचे,
शैलाने मोजून दिले, देताना पुन्हा मोजले.

गोवंडीच्या पुलाखाली पिकअप विटांवर उभी.
मुख्तार म्हणाला, इंजिन शाबूत आहे,
बाकी काय, गळायचं वय झालं की माणसाचंही गळतं.

कुर्ल्याच्या भंगारात डावं दार मिळालं,
निळं. गाडी पांढरी.
रंग मारायचे नऊशे जास्त.
मी निळ्यावरून हात फिरवला, म्हटलं, राहू दे.

खालचा पत्रा सडलेला, भोकातून रस्ता दिसायचा.
एका बंद पडलेल्या दवाखान्याची पाटी कापून
मुख्तारने वेल्डिंग केलं.
आता क्लचच्या खाली, पायाशी, उलट्या अक्षरांत
वेळ : सकाळी १० ते १. रविवारी बंद.

सीटखाली वही निघाली,
पानं डिझेलने चिकटलेली,
आधीच्या मालकाचं अक्षर बारीक, तिरपं:
ऑइल. पाटा. वाशी, नाशिक, वाशी.
शेवटी एकच ओळ, खाली दोन रेघा:
ब्रेक बघणे.
पुढे सगळं कोरं.

त्या दिवशी सायलेन्सर घेतला नाही.
ताडपत्रीही नाही.
चारही चाकांचे लायनर घेतले, नवे, पावतीसकट.
मुख्तार म्हणाला, अरे, जुने चालले असते.
मी पाना पुसत बसलो.

रात्री शैलाला एक चक्कर मारून आणलं.
आवाज एवढा की सगळं ओरडूनच बोलायचं.
उड्डाणपुलाच्या उतारावर पाय दाबला.
थांबली.
"दार छान आहे!" शैला ओरडली.

घरी येऊन त्या ओळीखाली तारीख टाकली
आणि लिहिलं:
बघितले.