स्रोत : हळद

महाप्यामागच्या डोंगरात तीन आठवडे
मी दगड वाजवत फिरते आहे.
हातोडा खणकन वाजला तर अखंड काळा कातळ,
बद्द वाजला तर कुजलेला, मुरूम होऊ घातलेला.
रंग ठरलेले आहेत :
खाजणाच्या चिखलाला राखाडी,
मुरमाला विटकरी,
आणि लाव्हाच्या दोन थरांमधे कधी सापडते
ती वीतभर तांबडी माती, तिला कुंकवाची एक रेघ.
तिच्यावर पाणी अडतं, आडवं वळतं,
आणि कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

नियोजन विभागाचा नकाशा वेगळा.
त्यात बंद पडलेली खाण म्हणजे
‘मोकळी जागा, चार हेक्टर’.
आधी राडारोड्याने भरायची, मग वर ट्रकतळ.
ऑइल, टायर, धुलाई.
कोपरकरसाहेब म्हणाले,
मॅडम, खाली सगळा काळा पत्थर ना?
मग झिरपणार कुठून?
मलाही फट दिसली नव्हती.
रात्रीत कुणी सहा डंपर ओतून गेलं होतं तिच्यावर.

चांगुणाबाई मढवी विहिरीच्या पायरीवर
निवट्यांना राख चोळत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
‘माजे नंदेची हलद व्हती.
टोपां, पराती, सगली वर खानीन धुतली.
तिसरे दिशी बावीचा पानी पिवला धम्म!
सासू बोलली, बाव पन लगनाला उभी रायली.’

कधीची गोष्ट?
‘नंद आता पणजी जाली. तूच मोज.’

मी वहीत मागे गेले.
खाणीच्या तळाची उंची, विहिरीतल्या पाण्याची उंची,
तांबड्या थराचा उतार पश्चिमेला.
तीन दिवस. जुळतंय.
आम्हीही हेच करतो,
फक्त रंगाच्या पुडीसाठी
निविदा काढावी लागते.

संध्याकाळी खाणीपासून विहिरीपर्यंत
तुटक रेघ ओढली.
तुटक म्हणजे : पाहिलेलं नाही, अनुमान.
तिच्याभोवती कुंपण, आत काही पुरू नये असं.
ट्रकतळ अर्ध्याहून जास्त आत आला.
पिवळी पेन्सिल रहिवासी विभाग रंगवून
बोटभर उरली होती.
तेवढ्यात भागलं.

तक्त्यात शेवटी एक रकाना असतो, माहितीचा स्रोत.
लिहिलं :
चांगुणाबाई मढवी. हळद. साल नोंदलेलं नाही.

कोपरकर खोडतील बहुधा.
शाईने लिहिलंय.