हेमांगी उर्फ हेमांगीबेन

जन्मदाखल्यावर मी हेमांगीबेन आहे.
महापालिकेच्या कारकुनाने सवयीने लावलेलं ते बेन,
तेव्हा मी चार दिवसांची होते.
पासपोर्टवर नुसतीच हेमांगी.
टार्टूच्या विद्यापीठाला काय ते एक ठरवून हवं होतं,
म्हणून रावपुऱ्यात नटुभाई नोटरींच्या टेबलाशी
मी शपथेवर लिहून दिलं
की या दोघी एकच व्यक्ती आहेत.
नटुभाईंनी शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली,
विचारलं, केटला वरस?
वर्षं नाही काका, पाच महिने.
एटलाज? म्हणाले,
आणि दहा रुपये कमी घेतले.

पाच महिन्यांसाठी निरोप कसा द्यायचा
हे कारेलीबागेत कुणालाच नीट येत नाही.
अमेरिकेला जाणाऱ्यांची पद्धत ठरलेली आहे,
हार, नारळ, विमानतळावर दोन गाड्या.
सासरी जाणाऱ्यांचीही.
चिटणीसकाकू ओटीचं तबक घेऊन आल्या
आणि दारातच थांबल्या,
कुमारिकेची भरतात का गं?
मग तांदूळ परत नेले, चिवडा ठेवला.

अहमदाबादला यंत्राने माझे ठसे नाकारले.
दोन वर्षं लिथोचा दगड घासतेय,
कार्बोरंडमची पूड, पाणी, हाताने आठचा आकडा,
दगडावरचं जुनं चित्र जाईपर्यंत.
त्याबरोबर बोटंही थोडी गेली.
बेन, जोरथी दबावो.
दाबलं. काच कोरीच.
मी छापचित्रं करते, मी सांगितलं.
तो हसला नाही, रांग मोठी होती.
बाहेरच्या बाकावरून आईने
पर्समधली कोल्ड क्रीमची डबी पाठवली,
तेव्हा कुठे माझ्या रेषा उमटल्या.

आज आईने गवळ्याला सांगितलं,
एक तारखेपासून अर्धा लिटर कमी.
परणावी दीधी?
ना रे, भणवा जाय छे.
सारुं, सारुं, म्हणत त्याने किटलीचं झाकण लावलं,
वहीत एक रेघ मारली.
हिशेबातून मी चार दिवस आधीच गेले.

तेवीस किलो.
रद्दीवाल्या हरीशभाईंचा ताणकाटा बाबांनी मागून आणला,
पण तो टांगायला घरात एकच जागा,
झोपाळ्याची कडी.
तेव्हा झोपाळा उतरवला,
पाट भिंतीला, साखळ्या कोपऱ्यात,
आणि बैठकीच्या मधोमध माझी बॅग लटकली
स्वतःभोवती सावकाश फिरत.
पंचवीस सातशे.
मेतकूट काढलं.
शाईचा रूळ काढला, पुन्हा घातला.
जाडा स्वेटर अंगावर घालूनच जायचं ठरलं,
जानेवारीत घाम आला तरी.
आई दर वेळी काहीतरी बाहेर काढायची
आणि काटा जागचा हलायचा नाही,
कारण दुसऱ्या हाताने ती
भाकरवडीचा पुडा आत सरकवत होती.
बाबा चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचे.
तिसऱ्यांदा म्हणाले, रद्दीच्या दराने हिचे किती होतील?
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसलो, जरा जास्तच.

बावीस नऊशे.
बॅग उतरवली. काटा सकाळी परत द्यायचा.
हुश्श करून आई सवयीने मागे बसायला गेली
तिथे झोपाळा नव्हता.
भिंत धरली, सावरली.

राहू दे, बाबा म्हणाले,
आता ही आल्यावर जूनमध्येच लावू.
का? पाच महिने मी काय जमिनीवर बसू?
आईने स्टूल ओढलं.
मी साखळी वर धरली, जड होती, हाताला गंजाचा वास.
उजवीकडची उजवीकडेच हं, ती म्हणाली,
नाहीतर पाट तिरका होतो.
तुझ्या बाबांना ठाऊक नाही हे.
तू बघून ठेव.