शेरा

माझ्या टेबलावर मुलं येतात ती आकड्यांनी.
०४१७. वय एकतीस महिने. वजन अकरा किलो चारशे.
गाठ डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत, हाडांत पसरलेली.
चेहरा येत नाही, आवाज येत नाही.
रकाना चुकला की मी लाल खूण करून कागद परत धाडते :
'तारीख राहिली आहे.' 'वजनाचा दशांश तपासा.'
बावीस वर्षं हेच.

खिडकीतून जेनोआचं बंदर दिसतं.
सार्डिनियाची बोट सकाळी सातला लागते,
तिच्यातून कुणीतरी मूल खांद्यावर टाकून उतरत असेल,
हे ठाऊक असतं मला,
पण ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

गट ठरवतं यंत्र.
आईबापांना वाटतं, कुणी मोठा डॉक्टर रात्र जागून ठरवत असेल.
छे. देलफिना वॉर्डातून कळ दाबते
आणि तिची जांभई पुरी व्हायच्या आत पडद्यावर उमटतं : 'ब'.
०४१८ला, त्याच दुपारी, चार मिनिटांनी : 'अ'.
दोहोंतलं बरं कोणतं, कुणालाच माहीत नाही.
माहीत असतं तर कळ दाबणं पाप ठरलं असतं.

संमतीपत्र सतरा पानी.
०४१७च्या बापाची सही प्रत्येक पानावर वेगळी,
जणू सतरा माणसांनी मिळून होकार दिला.

'ब' म्हणजे नवं औषध.
ते गाठीच्या पेशी हुडकत जातं
आणि हुडकता हुडकता नसांनाही डसतं.
वेदनेचा तक्ता, दर पंधरा मिनिटांनी :
सहा. आठ. आठ. नऊ. मॉर्फिन वाढवलं. सात.
मी टंकत राहते. कॉफीवर साय धरते.
कुणाला हा निर्दयपणा वाटला तर वाटो.

पाचव्या दिवसाच्या कागदावर शेवटचा रकाना, 'शेरा',
जो बहुतेक रिकामाच येतो,
त्यात निळ्या पेनाने, नर्सच्या नव्हे अशा अक्षरात :
'बोनारिया आज हसली.
देलफिनाच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या म्हणून.'

नियम असा, की नाव आलं तर काळं करायचं.
मी मार्कर घेतला. केलं.
आता कागद म्हणतो : अमुक आज हसली.
कोणीही हसलं असेल.
उजेडाकडे धरला तर शाईखालून अक्षरं वर येतात म्हणे.
मी धरला नाही.
एकदाच धरला.

सहा वर्षांनी उबाल्दो आलेख घेऊन आला.
दोन रेघा, दोन्ही जिना उतरणाऱ्या.
या गावात जिन्यांना तोटा नाही,
मी रोज एकशे बारा पायऱ्या उतरून घर गाठते,
पण ह्या जिन्याची एकेक पायरी म्हणजे एकेक मूल.
'ब'चा जिना थोडा कमी उतरतो.
'थोडा' हा शब्द उबाल्दोचा, आणि तो त्याने दोनदा तपासलेला.
पुढे दोन्ही रेघा सपाट होतात.
दवाखान्यात सगळीकडे सपाट रेघेची धास्ती,
इथे आम्ही तिचीच वाट बघत बसलेलो.

'अ'च्या रेघेवर अकराव्या महिन्यात एक पायरी आहे.
तिचा क्रमांक मी बघायला नको होता.

काल ०४१७चा वार्षिक कागद आला.
उंची बरी. वजन बरं.
श्रवण : दोन्ही कानांना यंत्र,
आधीच्या औषधांनी वसूल केलेली किंमत.
आणि शेरा, तेच निळं अक्षर, आता घाईतलं :
'बाई रागावल्या की यंत्र बंद करून टाकते.'

नाव नव्हतं. आईही नियम शिकली.
मार्कर हातात घेतला होता मी, तो तसाच ठेवला.

तारीख मात्र राहिली होती.
लाल खूण करून कागद परत धाडला.